नखातला चुना

रात्रीचा दीड. एकतीस-एकोणतीस.
शेवटची चढाई, चढाईला आमचा हेमू पावसे,
जाळ्यात आलेल्या मुशीसारखा
चौघांच्या खाली तडफडतोय, पण दम सोडत नाही,
उजवा हात पुढे, पुढे, अजून एक वीत,
आणि मी बाकड्यावर उभी.
माझी एक चप्पल त्या क्षणी कुठे गेली
ती अजून सापडलेली नाही.

लागला हात मध्यरेषेला. मी पाहिला.
शेजारच्या यमुनामावशीनं पाहिला,
तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.
वडापाववाल्यानं पाठमोरं राहून पाहिला.
पंचांनी नाही पाहिला.

आता रेषा म्हणाल, तर रेषा होती कुठे?
संध्याकाळी फक्कीनं आखली तेव्हा दुधासारखी होती.
मग सहा सामने, शंभरेक तळपाय,
वर दर्यावरचा वारा.
दीड वाजता तिथे नुसती लाल माती
आणि मातीला रेषेची आठवण.
त्या आठवणीवर आमचा चषक बुरोंडीला गेला.

हेमूनं बोट वर केलं: बघा, नखात चुना.
शिगवण गुरुजी म्हणाले,
चुना काय, सगळ्यांच्याच अंगाला आहे.
हे मात्र खरं बोलले.
त्या रात्री अख्ख्या हर्णैला लागला.

मग आम्ही सरपंचांकडे गेलो, मैदानावरच्या.
गावाला एक सरपंच, कबड्डीला एक,
दोघांचं उत्तर एकच:
बघतो.

मी काय काय ओरडले ते इथे लिहिण्याजोगं नाही.
चष्म्यावरून सुरू केलं, आजोळापर्यंत गेले.
माझ्या लग्नाची तारीख मला नवऱ्याला विचारावी लागते,
पण चार वर्षांपूर्वी सालदुऱ्याला
पाय हवेत असताना दिलेला बोनस
मी झोपेतसुद्धा सांगेन.
कुणाच्या हातात शिट्टी होती, तेही.

बुरोंडीची पोरं बेंजोवर नाचत होती.
गुरुजींनी शिट्टी खिशात घातली,
गाडीला तीनदा किक मारली, चौथ्यांदा लागली,
एकटेच गेले दापोलीच्या चढाला.
कुणीतरी मागून खडा मारला.
मी नाही.
माझा नेम बरा आहे.

दुसऱ्या दिवशी बंदरावर,
होड्या लागल्या, लिलाव उरकला,
मी पाटीतली कोळंबी लावत होते,
तर समोर कापडी पिशवी.
अर्धा किलो द्या.
मान वर केली. तेच. दाढीसुद्धा न केलेले.

मला ओळखलं की नाही, कळेना.
रात्री मी नुसता आवाज होते.

तागडी उचलली.
आणि अंगठा टेकवला कडेला,
फार नाही, नखाएवढा.
पंधरा वर्षांत गिऱ्हाइकाला असं केलं नव्हतं.
पारडं खाली गेलं.

गुरुजी बघत होते. हातभरावरून.
दिवसाउजेडी, ना गर्दी, ना धूळ,
रेषा एकदम ठळक.
त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं.
काहीच बोलले नाहीत.
पैसे मोजून दिले, सुट्टे,
पिशवीला गाठ मारली, दोन पावलं गेले,
मागे वळले.
पावश्यांच्या पोराचा घोटा कसा आहे?

सुजलाय, मी म्हटलं.
हळद लावा, म्हणाले.

नंतर मी त्यांना हाक मारून
वर मूठभर कोळंबी घातली की नाही,
ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही.
तो माझा आणि गुरुजींचा हिशोब.

पण हात लागला होता.